वजन किती भरतंय?

गेल्या महिन्यात आमच्या अपार्टमेंटची मीटिंग झाली. बारा फ्लॅट, त्यातले नऊ जण आले, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने भरगच्च. विषय एकच, गच्ची. सोलर बसवायचं हे जवळपास ठरलेलंच होतं. त्यात दुसऱ्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याने मोबाइलवर परदेशातल्या इमारतींचे फोटो फिरवले. डोक्यावर हिरवळ, मध्ये पॅनल, कडेला बाक. "अर्ध्या गच्चीवर पॅनल आणि अर्ध्यावर माती टाकून लॉन. वरचे फ्लॅट उन्हाळ्यात थंड राहतील." सगळ्यांना आवडलं. मला तर इतकं आवडलं की मी बसल्या जागी बातमीचा मथळाही डोक्यात लावून टाकला.

तळमजल्यावरचे रिटायर्ड मास्तर तोवर गप्प होते. ते म्हणाले, "माती किती टाकणार? फूटभर? वजन किती भरतंय त्याचं?"

कुणीतरी म्हणालं, "मास्तर, मातीचं कसलं आलंय वजन, खाली स्लॅब आहे." लोक हसले. खरं सांगतो, मीही हसलो. मास्तर काही न बोलता उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. जिन्यात त्यांची पाठ दिसली तेव्हा मला आठवलं की ते मूळचे किल्लारीच्या पट्ट्यातले आहेत.

म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

१९९३ नंतर जन्मलेल्यांना माळवद म्हणजे काय ते सांगावं लागतं. आपल्या भागात जुनं घर म्हणजे दोन-तीन फूट रुंदीच्या दगडाच्या भिंती, मातीत बांधलेल्या. आत सागाचे किंवा बाभळीचे खांब, खांबावर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पालापाचोळा आणि सगळ्यात वर माती. ही माती म्हणजे साधी माती नाही, गावाकडची पांढरी. ती चोपून बसवली की पाणी सहसा खाली येत नाही. कडेला पन्हाळ, मधे उजेडासाठी आणि धुरासाठी झरोका. मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस तापमान असताना माळवदाखाली दुपारी गोधडीवर आडवं पडलं की पंख्याची आठवण येत नसे. वर पापड, कुरडया, शेवया, मिरच्या, तूर. रात्री सगळं घर वर झोपायला. म्हणजे आज ज्याला 'छताचा उपयोग' म्हणतात तो आपल्या आज्यांना कुणी शिकवायला आलं नव्हतं.

आणि पावसाळ्यात त्या माळवदावर गवत उगवायचं. आपोआप. श्रावणात गल्ली वरून पाहिली असती तर फोटोतल्या जर्मनीसारखीच दिसली असती. पण माझ्या आजीला ते हिरवं छत अजिबात खपत नसे. आम्हा पोरांना वर चढवायची आणि म्हणायची, "एकेक काडी उपटा रे, मुळ्या खाली उतरल्या की माळवद रडतंय." गवताच्या मुळीतून पाणी झिरपतं, पाण्याने तुळई कुजते. हिरवं छत म्हणजे घरात करतं माणूस नाही, असा सरळ अर्थ. आजच्या हिरव्या छतांत मातीच्या खाली मुळ्या अडवणारा वेगळा पापुद्रा अंथरतात, तो याच कारणासाठी. आजीला रोग माहीत होता, औषध नंतर निघालं.

माळवद गळायला लागलं की उपाय ठरलेला. उन्हाळ्यात गाडीभर पांढरी आणायची आणि वर टाकायची. जुनी माती कुणी काढत नसे. दरवर्षी थोडी, अशी पन्नास वर्षं. आजोबाने टाकलेल्यावर बापाने, बापाने टाकलेल्यावर पोराने. थर फुटाचा दीड फूट, दीडाचा दोन फूट कधी झाला ते घरातल्या कुणालाच कळत नसे, कारण भिंत तक्रार करत नाही.

आता मास्तरांचा हिशेब. आपल्याकडे माती ब्रासवर मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे बरोब्बर एक ब्रास, आणि ओल्या मातीचा ब्रास साधारण पाच टनांचा. दोन फूट असेल तर दहा टन. एका खोलीवर. खाली आपण, पोरं, आणि खुंटीला बांधलेली शेळी.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. मी तेव्हा सहावीत होतो. आमच्या गावात भांडी पडली, एक भिंत तडकली, एवढंच. पण औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावंच्या गावं काही सेकंदांत दगड-मातीचा ढीग झाली. किल्लारी, सास्तूर ही नावं त्या दिवशी जगाला कळली. जवळपास आठ हजार माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे, लोक दहा हजार म्हणतात. भूकंप रिश्टरवर सहाच्या थोडा वर होता. एवढ्या मोजमापाचा भूकंप जगात दुसरीकडे झाला की बातमी चौथ्या पानावर जाते, इतकी कमी माणसं दगावतात.

मग इतकी माणसं का गेली? पुढे इंजिनिअर लोकांनी गावोगाव फिरून जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की जाड भिंतीत गोटे एकमेकांना बांधलेले नव्हते, आतला आणि बाहेरचा थर सुटून भिंती कोसळल्या, आणि डोक्यावर टनावारी माती होती. दगडाखाली अडकलेल्याला कदाचित श्वास घेता आला असता. त्या मातीने तोही घेऊ दिला नाही. गावाबाहेर कुडाच्या झोपडीत, पत्र्याखाली राहणारे तुलनेने जास्त वाचले. ज्यांच्याकडे माळवद बांधायची ऐपत नव्हती ते. हा भाग आपल्याकडे भाषणांत कुणी फारसा बोलत नाही.

नंतर जी घरं पडली नव्हती, पण तशीच होती, त्यांच्यासाठी सरकारने दुरुस्तीच्या सूचना काढल्या. भिंतीत आरपार दगड घाला, खांब-तुळईच्या जोडाला तिरके टेकू द्या, आणि माळवदावरची माती कमी करा, गळू नये म्हणून मधे प्लास्टिकचा कागद घाला. पण लोकांच्या मनाने एकच धडा घेतला, माळवद नको, स्लॅब पाहिजे. आज लातूर-धाराशिवकडच्या कुठल्याही गावात वर चढून बघा, स्लॅब आणि पत्रा, पत्रा आणि स्लॅब. लोक चुकले असं मी म्हणणार नाही. ज्याने ती पहाट बघितली त्याला माळवदाच्या गारव्याचं कौतुक कसं सांगणार? पण स्लॅबने गारवा नेला हेही खरं. उन्हाने तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत आत भट्टी सोडतो. आधी पंखा, मग कूलर, आता एसी, आणि मग विजेचं बिल. माळवदापासून सोलरपर्यंतचा रस्ता असा आहे.

तिकडे युरोपात काय चाललं होतं? १९ व्या शतकाच्या शेवटी बर्लिनमध्ये कामगारांच्या चाळींवर डांबरी कागदाचे थर देऊन सपाट छतं करायचे. डांबर पेट घेईल म्हणून वरून वाळू-खडी पसरायचे. त्या खडीत वाऱ्याने बिया आल्या, गवत उगवलं, आणि दोन महायुद्धांनंतरही त्यातली काही छतं हिरवीच होती. कुणी लावलेलं नव्हतं, आपल्या माळवदासारखंच. नंतरच्या पिढीतल्या अभ्यासकांना यात मेख सापडली, की थर पातळ असला तरी चालतं.

स्वित्झर्लंडमधलं झ्युरिकचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. तिथे १९१४ साली तळ्याचं पाणी गाळायचं केंद्र बांधलं, काँक्रीटच्या सपाट छताचं. आत पाणी गार राहावं, जंतू वाढू नयेत म्हणून छतावर जवळच्या कुरणातली वीतभर माती आणून टाकली. शोभेचा विचारच नव्हता, कामासाठी टाकली. कुरणाच्या मातीत कुरणाच्या बिया होत्याच. आसपासची कुरणं पुढे शहराने गिळली, पण त्या छतावर आज पावणेदोनशेच्या आसपास जातींची झाडंझुडपं आहेत, त्यात आजूबाजूला आता न दिसणारी रानटी ऑर्किडही आहेत. एकशे दहा वर्षं झाली. ती माती टिकली कारण छत ती माती धरून बांधलेलं होतं.

शिकागोत १९९५ च्या जुलैत उष्णतेची लाट आली आणि सातशेहून जास्त माणसं मेली. त्यात एकटे राहणारे म्हातारे खूप, आणि वरच्या मजल्यावर, काळ्या डांबरी छताखाली राहणाऱ्यांना धोका जास्त होता हे पाहणीत दिसलं. पाचेक वर्षांत तिथल्या महापौरांनी, रिचर्ड डेली यांनी, स्वतःच्या सिटी हॉलच्या छतावर बाग केली. गंमत अशी की ती इमारत अर्धी शहराची आणि अर्धी काउंटीची, म्हणजे आपल्याकडे नगरपरिषद आणि जिल्हा परिषद एकाच वाड्यात असावी तसं. शहराने आपली बाजू हिरवी केली, काउंटीची काळीच राहिली. २००१ च्या ऑगस्टमध्ये एका तापल्या दुपारी मोजलं तर काळ्या बाजूचा पृष्ठभाग ७६ सेल्सिअस, आणि झाडं असलेल्या जागी ३३ ते ४८. एकाच इमारतीचं छत! आपल्याकडे असं झालं असतं तर दोन्ही बाजूंनी आधी हद्दीवरून कोर्टात गेले असते. पण यातली कामाची गोष्ट वेगळी आहे. इमारत १९११ ची. माती टाकायच्या आधी त्यांनी ती कुठे किती झेपेल हे तपासलं. बहुतेक ठिकाणी चार बोटं हलकी माती, आणि खोल माती व झाडं जिथे खाली भक्कम आधार आहे तिथेच.

जिथे हे नीट पाहिलं गेलं नाही तिथलीही गोष्ट आहे, आणि आमच्या मीटिंगनंतर मी ती शोधून सगळ्यांना पाठवली. लाटव्हिया देशाची राजधानी रीगा. २१ नोव्हेंबर २०१३, संध्याकाळी गर्दीची वेळ. एका सुपरमार्केटच्या छतावर बागेचं काम चालू होतं, माती चढवली जात होती. छत आत कोसळलं. ५४ माणसं गेली, वाचवायला आत शिरलेले अग्निशमनवालेही त्यात होते. छताच्या लोखंडी कैच्यांच्या जोडाचं डिझाइन चुकलं होतं, असं तपासात निघालं. म्हणजे दोष मातीचा नव्हता, पण ती चूक उघडी पडली मातीच्या भाराखाली. सहा दिवसांत त्या देशाच्या पंतप्रधानांनी राजीनामा दिला. नंतर २०१६ च्या मे महिन्यात हाँगकाँगच्या एका विद्यापीठात क्रीडा सभागृहाचं छत कोसळलं. त्यावर नुकतीच हिरवळ लावली होती. तिथे तिघे जखमी झाले, त्यांच्या नशिबाने हॉल भरलेला नव्हता.

आता सोलर. छतावर सूर्यापासून वीज करायची कल्पना आपल्याला वाटते त्यापेक्षा खूप जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स फ्रिट्स नावाच्या माणसाने १८८४ च्या सुमारास सेलेनियमवर सोन्याचा पातळ मुलामा दिलेल्या पट्ट्या छतावर मांडल्या. शंभर भाग उन्हातून एक भाग वीज, एवढीच ताकद, म्हणून ते तिथेच राहिलं. कामाचा सिलिकॉनचा सेल १९५४ साली बेल प्रयोगशाळेत झाला. १९७९ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी, जिमी कार्टर यांनी, व्हाइट हाउसवर पाणी तापवायची ३२ पॅनल लावली आणि पुढच्या अध्यक्षांच्या काळात, १९८६ साली, छतदुरुस्तीचं निमित्त झालं तेव्हा ती उतरवली गेली. परत चढवली नाहीत. सरकार बदललं की आधीच्याची पाटी उतरवायची पद्धत फक्त आपल्याकडे आहे असं समजू नका. जर्मनीने १९९० मध्ये हजार छतांची योजना काढली, आणि तिथून ही गोष्ट घराघरांत गेली.

आपल्या राज्यात घरच्या छताची वीज मीटरमधून उलटी पाठवून बिलात वळती करून घ्यायचे नियम २०१५ साली आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली: एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा जास्त असेल तर ७८ हजार अनुदान. अपार्टमेंटच्या लिफ्ट, पंप, जिन्याच्या दिव्यांसाठी किलोवॅटमागे १८ हजार. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि आपल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट मिळतात. हे सगळं तुम्हाला एजंटने सांगितलेलंच असणार, रोज दोन फोन येतातच. भाडेकरूचं काय, ज्याचा वरचा मजला नाही त्याचं काय, हे मात्र एजंट सांगत नाही. तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.

वजनाच्या हिशेबाने बघाल तर सोलर पॅनल हे आपल्या छतावर आजवर आलेलं सगळ्यात हलकं ओझं आहे. सांगाड्यासकट चौरस मीटरला पंधरा-वीस किलो. आपली हजार लिटरची काळी टाकी भरली की टनाची होते, आणि ती आपण बिनधास्त ठेवतो. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा भार धरतात. फूटभर ओली माती पाचशेच्या वर जाते. म्हणजे साडेतीन पट. हा हिशेब मी रविवारी रात्री कागदावर केला. आमची गच्ची चोवीसशे चौरस फूट. अर्ध्यावर फूटभर माती म्हणजे बारा ब्रास, साठ टन. उसाच्या चार ट्रकांचा माल, पंचवीस-तीस वर्षांच्या स्लॅबवर, आणि त्यावर रोज पाणी.

पॅनलचा धोका वजनाचा नाही, वाऱ्याचा आहे. आपल्याकडे हल्ली गच्ची वापरता यावी म्हणून आठ-दहा फूट उंच सांगाड्यावर पॅनल चढवतात. वळवाच्या वादळात पत्रे कसे उडतात ते दर मे महिन्यात मी फोटोसकट छापतो. पॅनल म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने महागडा पत्राच. वर स्लॅबला भोकं पाडून बोल्ट ठोकले आणि भोक नीट बुजवलं नाही, की पाणी सळईपर्यंत. आजीच्या भाषेत, स्लॅबही रडतोय.

हिरवळ आणि पॅनल एकत्र ठेवण्यात शास्त्र आहे, हे त्या तरुण जोडप्याचं म्हणणं बरोबर आहे. पंचवीस अंशांच्या वर पॅनल जितकं तापतं तितकी वीज घटते, अंशामागे साधारण ०.४ टक्के. आपल्या मे महिन्यात पॅनल पासष्टला जातं, म्हणजे सोळा टक्के गेले. खाली झाडी असेल तर हवा थोडी गार राहते. युरोपातल्या शहरांत म्हणून दोन्ही एकत्र करतात. पण तिथे बारा महिने थोडाफार पाऊस पडतो. आपल्या गावात नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते मी लिहायला नको. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो भाग आपलाच. प्यायचं पाणी टँकरने आणि गच्चीवर लॉन, हे मला लाजिरवाणं वाटतं. हे माझं मत, वाद घाला. उलट पॅनलची सावलीसुद्धा छताला गार ठेवते. अमेरिकेत सॅन डिएगोच्या विद्यापीठाने २०११ साली मोजलं तेव्हा पॅनलखालचं छत आतून उघड्या छतापेक्षा पावणेतीन अंशांनी थंड निघालं होतं. उरलेल्या जागेवर चुन्याचा पांढरा हात मारला तर दोन हजार रुपयांत काम होतं.

मग आम्ही काय केलं? स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. बिल्डरकडे स्लॅबचे नकाशे मागितले, ते सापडत नाहीत म्हणाला. इंजिनिअरने हातोडीने ठोकून ठोकून सगळा स्लॅब ऐकला. टाकीच्या बाजूला दोन ठिकाणी आवाज पोकळ आला, खालून गिलावा काढला तर सळई गंजून फुगलेली. आधी ती दुरुस्ती. माती एक घमेलंही नाही, कुंड्या फक्त कठड्याजवळ, बीमवर. पॅनल बसवायचे, पण सांगाडा कमी उंचीचा आणि पाय बीमच्या रेषेत. तरुण जोडपं थोडं हिरमुसलं, पण हिशेब त्यांनीच परत करून बघितला आणि चुना मारायला रविवारी पहिले तेच वर होते.

तो कागद घेऊन मी मास्तरांकडे गेलो. आधी हसल्याबद्दल माफी मागितली, ते "असू द्या हो" म्हणाले. मग चष्मा लावून त्यांनी बारा ब्रास, साठ टन, हा आकडा दोनदा वाचला.

"आमच्या माळवदावर दहा ब्रास तरी असंल," ते म्हणाले. "वडील दर उन्हाळ्यात दोन गाड्या टाकायचे. गळू नये म्हणून. त्या वर्षी मीच टाकली होती, वडलांना होत नव्हतं."

त्यांच्या घरातली कोण कोण गेली हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. त्यांनी त्या दिवशी सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

चहा झाला. निघताना त्यांनी कागदाच्या खाली बोट ठेवून विचारलं, "आणि या पॅनलचं चौरस मीटरला किती म्हणालात?"

"पंधरा ते वीस किलो, मास्तर. सांगाड्यासकट."

त्यांनी ते पेनने कागदावर लिहून घेतलं आणि कागद स्वतःकडे ठेवून घेतला.